इंग्लंडमध्ये प्रायमरी टीचर व्हायचंय? पीजीसीई कसं करायचं ते सांगते

सगळ्यात आधी शाळेत जाऊन बसा. फॉर्म नंतर, पर्सनल स्टेटमेंट नंतर, फीचं गणितसुद्धा नंतर. ओळखीतल्या बायका विचारतात की मुलं आता शाळेत जायला लागली, माझ्याकडे डिग्री आहे, लहान मुलांची आवड आहे, तर पीजीसीई, म्हणजे इथला डिग्रीनंतरचा टीचर ट्रेनिंगचा कोर्स, करू का, आणि मी प्रत्येकीला हेच सांगते की जवळच्या प्रायमरी शाळेच्या ऑफिसला एक साधा ईमेल टाक, आठवड्यातून दोन सकाळी व्हॉलंटियर म्हणून येऊ का विचार. बऱ्याच शाळांना मुलांचं वाचन ऐकायला माणसं हवीच असतात. त्यांची डीबीएस चेकची, म्हणजे तुमच्यावर काही गुन्ह्याची नोंद नाही ना हे बघण्याची, प्रोसेस होईल, त्याला थोडे दिवस लागतात, मग तुम्ही कॉरिडॉरमधल्या छोट्या खुर्चीवर बसून एकेका मुलाचं वाचन ऐकायला लागाल. तिथे जे कळतं ते कुठल्याच ओपन डेला कळत नाही.

आणि तिथे गेल्यावर टीचरकडे कमी बघा. एक मूल निवडा, शक्यतो जे गप्प असतं ते, आणि वीस मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. त्यानं कधी लिहायला सुरुवात केली, कधी शेजारच्याचं बघितलं, कधी खोडलं, कधी नुसतंच खिडकीबाहेर बघत बसलं. घरी येऊन वहीत चार ओळी लिहून ठेवा. मी दीड वर्षं टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट होते तेव्हा हे करायची, आणि पुढे स्टेटमेंटला, इंटरव्ह्यूला, असाइनमेंटला, सगळीकडे त्याच वहीतलं कामाला आलं.

आता मूळ गोष्ट. पीजीसीई आणि क्यूटीएस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यात लोक फार गोंधळतात. पीजीसीई ही युनिव्हर्सिटीची अकॅडमिक क्वालिफिकेशन. क्यूटीएस म्हणजे क्वालिफाइड टीचर स्टेटस, ते प्रोफेशनल स्टेटस आहे आणि इंग्लंडमधल्या सरकारी मेंटेन्ड शाळेत क्लास टीचर व्हायला साधारणपणे तेच लागतं. म्हणून कोर्स बघताना ‘पीजीसीई विथ क्यूटीएस’ असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. ऑनलाइन इंटरनॅशनल पीजीसीई नावाचे कोर्स असतात ते चांगले असतील, पण त्यातून क्यूटीएस मिळत नाही, आणि पैसे भरून झाल्यावर हे कळलेली माणसं मी बघितली आहेत. अजून एक, पीजीसीई हेच नाव दोन लेव्हलला वापरतात. लेव्हल ७ म्हणजे पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट, त्यात बहुतेक ठिकाणी मास्टर्सचे ६० क्रेडिट मिळतात, आणि लेव्हल ६ म्हणजे प्रोफेशनल ग्रॅज्युएट सर्टिफिकेट. शिकवायला दोन्ही चालतात. हे सगळं इंग्लंडबद्दल चाललंय हां, स्कॉटलंडमध्ये याला पीजीडीई म्हणतात आणि तिथला रस्ता वेगळा, वेल्सचे नियमही वेगळे.

‘माझं भारतातून बीएड झालंय, मला परत का करायचं’ हा पुढचा प्रश्न. २०२३ पासून भारतात क्वालिफाइड झालेल्या शिक्षकांना थेट क्यूटीएससाठी अर्ज करता येतो हे खरं, पण तो रस्ता ११ ते १६ वयाच्या मुलांना मॅथ्स, सायन्स किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे. प्रायमरीला त्याचा उपयोग होत नाही. तुमचा अनुभव वाया जात नाही पण प्रायमरीसाठी इथलं ट्रेनिंग धरूनच चाला.

कागदपत्रं

डिग्री कुठल्याही विषयाची चालते. बीकॉम, बीएस्सी, इंजिनिअरिंग, फार्मसी, काहीही. त्यासोबत इंग्लिश, मॅथ्स आणि प्रायमरीसाठी सायन्स या तिन्हीत जीसीएसई, म्हणजे इथली सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा, त्यात ग्रेड ४ किंवा त्याच्या बरोबरीचं काहीतरी लागतं. आपल्याकडे जीसीएसई नसतं, मग दहावीची मार्कशीट आणि बोर्ड सर्टिफिकेट कामाला येतं. यूके एनिक म्हणजे परदेशी शिक्षण इथल्या कशाच्या बरोबरीचं ते सांगणारी संस्था, तिच्याकडून डिग्री आणि शाळेच्या सर्टिफिकेटचं स्टेटमेंट ऑफ कम्पॅरेबिलिटी काढून घ्या, त्याला फी असते. पण शेवटी काय मान्य करायचं ते प्रोव्हायडर, म्हणजे कोर्स देणारी युनिव्हर्सिटी किंवा संस्था, ठरवतो, म्हणून ज्यांची दहावी मराठी मीडियममधून झालीये त्यांनी इंग्लिशबद्दल प्रोव्हायडरला आधीच ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या, फोनवर ‘हो चालेल’ म्हणाले यावर थांबू नका. नाही चाललं तर इक्विव्हॅलन्सी टेस्ट देता येते, पण ती कुठली चालेल हेही त्यांनाच विचारायचं. पूर्वी प्रोफेशनल स्किल्स टेस्ट असायची ती २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या मैत्रिणींनी त्याबद्दल घाबरवलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

भारतात प्रौढपणी राहिला असाल तर तिथलं पोलीस क्लिअरन्सही मागू शकतात. ते मिळायला वेळ लागतो, जुना पासपोर्ट, जुना पत्ता, सगळं शोधावं लागतं, लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेटही जोडावं लागतं. ऑफर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा एक फोल्डर आत्ताच करा.

कुठून करायचं आणि पैसे

युनिव्हर्सिटीतून करता येतं, शाळांच्या ग्रुपकडून करता येतं त्याला स्किट (एससीआयटीटी) म्हणतात, आणि पगारी रस्तेही आहेत, म्हणजे सॅलरीड ट्रेनिंग, अप्रेंटिसशिप, टीच फर्स्ट या संस्थेचा प्रोग्रॅम. पगारी जागा कमी असतात आणि त्यात पहिल्या दिवसापासून शाळेचा कर्मचारी म्हणून जबाबदारी जास्त. मी युनिव्हर्सिटीतून केलं कारण मला इथली शिक्षणपद्धत मुळातून समजून घ्यायची होती, मी स्वतः इथे शाळेत गेले नव्हते, मला असेंब्ली म्हणजे काय, फोनिक्स म्हणजे काय, मुलं गालिच्यावर का बसतात इथपासून सुरुवात होती. ज्यांनी टीए म्हणून बरीच वर्षं काढलीत त्यांना स्किट जास्त सोयीचं जाईल असं मला वाटतं. पार्टटाइमही असतं काही ठिकाणी, साधारण दोन वर्षांचं, लहान मुलं घरात असतील तर ते नक्की बघा.

वयोगट पण निवडावा लागतो. ३ ते ७, ५ ते ११, ७ ते ११ असे वेगवेगळे कोर्स असतात. नक्की माहीत नसेल तर ५ ते ११ घ्या, त्यात की स्टेज १ म्हणजे इयर १ आणि २, आणि की स्टेज २ म्हणजे इयर ३ ते ६ दोन्ही अनुभवायला मिळतं.

फी. २०२५-२६ साठी होम स्टुडंटची, म्हणजे इथली स्थानिक फी लागू होणाऱ्यांची, कमाल फी ९,५३५ पाउंड आहे, आणि होम स्टुडंट असाल तर त्याला ट्युइशन फी लोन मिळू शकतं, आधी डिग्रीसाठी घेतलेलं असलं तरी. पण व्हिसावर असाल, डिपेंडंट असाल तर आपल्याला होम फी आणि लोन मिळेल असं गृहीत धरू नका. इंटरनॅशनल फी बरीच जास्त असते. आमच्या ओळखीत दोघी तिघींनी आयएलआर म्हणजे इथे कायम राहायची परवानगी मिळेपर्यंत टीएची नोकरी केली आणि मग कोर्सला गेल्या, मला तो निर्णय अगदी शहाणपणाचा वाटतो, त्या दोन तीन वर्षांत त्या इतकं शिकल्या की कोर्समध्ये त्यांना फार जड गेलं नाही. सेकंडरीच्या फिजिक्स मॅथ्सला मोठी बर्सरी म्हणजे ट्रेनिंगसाठी सरकारी पैसे असतात ते बघून भुलू नका, जनरल प्रायमरीला अलीकडे बर्सरी नाही. आणि वर्षभर नोकरी करता येईल असंही समजू नका, फुलटाइम कोर्समध्ये शनिवार रविवारही प्लॅनिंगमध्ये जातो.

अर्ज आणि इंटरव्ह्यू

अर्ज आता यूकॅस या युनिव्हर्सिटी ॲडमिशनच्या साइटवर नाही, शिक्षण खात्याच्या अप्लाय फॉर टीचर ट्रेनिंग या सर्व्हिसवर करायचा. ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. एकावेळी चार कोर्सना अर्ज करता येतो. प्रायमरीच्या चांगल्या जागा लवकर भरतात म्हणून डिसेंबरच्या आत टाकलेला बरा. गेट इंटू टीचिंग या सरकारी सर्व्हिसचा ॲडव्हायझर फुकट मिळतो, तो घ्या, माझं स्टेटमेंट तिनं दोनदा वाचून दिलं होतं.

स्टेटमेंटमध्ये ‘मला मुलं खूप आवडतात’ एवढं लिहून भागत नाही, सगळेच ते लिहितात. वहीतल्या चार ओळी इथे वापरा. मी लिहिलं होतं की इयर २ मधला एक मुलगा वाचताना प्रत्येक शब्द चित्र बघून ओळखायचा, चित्र हातानं झाकलं की अडायचा, मग आम्ही रोज दहा मिनिटं आवाज जोडून वाचायला लागलो आणि सहा आठवड्यांनी त्यानं चित्र नसलेलं पान स्वतः वाचलं. इंटरव्ह्यूत त्यांनी फक्त त्याच मुलाबद्दल विचारलं, बाकी स्टेटमेंटला कोणी हातही लावला नाही.

इंटरव्ह्यूत सेफगार्डिंगचा, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचा, प्रश्न येणार म्हणजे येणारच. मूल तुम्हाला येऊन काही गंभीर सांगायला लागलं तर काय कराल? शांतपणे ऐका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका, स्वतः चौकशी करू नका, सूचक प्रश्न विचारू नका, मुलाच्याच शब्दात लिहून ठेवा आणि लगेच शाळेच्या डीएसएलला म्हणजे डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीडला सांगा. कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन या सरकारी मार्गदर्शिकेचा पहिला भाग वाचून जा. हा विषय आपल्याकडे घरातल्या घरात ठेवायची सवय असते म्हणून मी मुद्दाम जोर देऊन सांगतेय, इथे ते चालत नाही आणि चालू नये.

बाकी छोटी लेखी टास्क असते, कधी मुलांना गोष्ट वाचून दाखवायला सांगतात. ॲक्सेंटची काळजी अजिबात करू नका. शब्द स्पष्ट, वेग कमी, वाक्य छोटी. इतकं पुरतं.

वर्ष कसं जातं

सप्टेंबरला सुरू होतं आणि जून जुलैला संपतं. किमान १२० दिवस शाळेत काढावे लागतात आणि किमान दोन वेगळ्या शाळांमध्ये, शिवाय चार आठवडे इंटेन्सिव्ह ट्रेनिंग अँड प्रॅक्टिस म्हणून एखाद्याच गोष्टीवर, म्हणजे प्रश्न कसे विचारायचे किंवा वर्ग कसा शांत करायचा, यावर सखोल काम असतं. प्लेसमेंटची, म्हणजे प्रत्यक्ष शिकवायला जायची, शाळा तुम्ही निवडत नाही, ती दिली जाते, आणि ती तासाभराच्या अंतरावर असू शकते, म्हणून गाडी नसेल तर बसचं बघून ठेवा आणि प्रोव्हायडरला आधीच सांगा. पावणेआठला शाळेत आणि साडेपाचला बाहेर हे धरून मुलांची सोय लावा. तुमची प्लेसमेंट दुसऱ्या काउन्सिलमध्ये असली तर सुट्ट्या जुळत नाहीत, हाफ टर्मला माझ्या मुलीला सुट्टी आणि मला शाळा असं दोनदा झालं, तेव्हा शेजारणीनं सांभाळलं.

पहिले काही आठवडे तुम्ही बघता, मग एखादा ग्रुप, मग एखादा तास, आणि वर्षाच्या शेवटी आठवड्यातला मोठा भाग म्हणजे साधारण ८० टक्क्यांपर्यंत टाइमटेबल तुम्ही शिकवता. मेंटर असतो, तो दर आठवड्याला तुमचा तास बघतो आणि तुमच्याशी बसतो.

माझा पहिला ऑब्झर्व्ह केलेला तास इयर ४ ला फ्रॅक्शन्सचा होता. मी दोन रात्री जागून बावीस स्लाइड केल्या, रंगीत, प्रत्येकीवर ॲनिमेशन. तास मला छान वाटला, कोणी गडबड केली नाही, मी एकही वाक्य अडखळले नाही. नंतर मेंटरनं फक्त एकच विचारलं, खिडकीपाशी बसलेली मुलगी आज काय शिकली? आणि मला सांगता आलं नाही. मला तिचा चेहरासुद्धा आठवत नव्हता, कारण तासभर मी स्क्रीनकडे आणि घड्याळाकडे बघत होते. मग आम्ही तिची वही काढली. तिनं सगळीकडे लिहिलं होतं की एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, कारण आठ हे चारपेक्षा मोठे. वर्गातल्या अकरा जणांनी तेच लिहिलं होतं. मी बोलत राहिले आणि अकरा मुलं चुकीची गोष्ट पक्की करत राहिली.

दुसऱ्या दिवशी स्लाइड नव्हत्या. कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या दिल्या, एकीचे घडी घालून चार सारखे भाग करा, एकीचे आठ, कापा आणि एक एक तुकडा शेजारी ठेवा. त्या मुलीनं तुकडे बघितले, पट्टी परत मोजली, मग माझ्याकडे बघून म्हणाली ‘जास्त भाग केले की प्रत्येक भाग लहान होतो’. हे वाक्य तिचं होतं. मी तेव्हापासून प्लॅन करताना आधी हे लिहिते की इथे मुलं काय चुकीचं समजतील, आणि ते मला तासाच्या मध्यात कळणार कसं. मिनी व्हाइटबोर्ड त्यासाठीच असतात, प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी लिहायचं, तीन दोन एक म्हटलं की सगळे बोर्ड वर, पाच सेकंदात तीस उत्तरं दिसतात. हात वर करणाऱ्या चार मुलांवरून वर्गाला समजलं असं समजू नका.

फोनिक्स, आणि आपला हलन्त

इथे वाचन सिंथेटिक फोनिक्सनं शिकवतात, आवाज ओळखायचे आणि जोडायचे. इयर १ च्या शेवटी जूनमध्ये फोनिक्स स्क्रीनिंग चेक असतो, ४० शब्द, त्यातले २० खरे आणि २० बनावट, मुलं त्यांना एलियन वर्ड म्हणतात. बनावट का, तर पाठ केलेलं चालू नये, आवाज जोडूनच वाचता यावं.

इथे मराठी माणसाला एक अडचण आहे आणि एक फायदा आहे. अडचण अशी की आपण ‘म’ म्हणतो तेव्हा त्याच्या शेवटी ‘अ’ असतो, जन्मापासूनची सवय. मुलाला तुम्ही मॅट शब्दासाठी ‘म, ॲ, ट’ असं सांगितलंत तर ते मूल जोडताना मधले अ पण जोडतं आणि त्याला मॅट ऐकूच येत नाही. तुम्हाला म् म्हणायचंय, ओठ मिटून नुसता लांबवलेला म्, आणि ट् अगदी तुटक. फायदा असा की आपल्याला हलन्त माहीत आहे! माझ्या बरोबरच्या इंग्रज मुलींना ‘शेवटचा अ काढ’ हे समजायला वेळ लागला, मला ट्यूटरनं एकदा सांगितलं आणि मी वहीत सगळे आवाज पाय मोडून लिहून काढले, म् स् ट् प् न्, आणि आरशासमोर म्हणत बसले. व्ही आणि डब्ल्यूकडे वेगळं लक्ष द्या, आपला व मधेच कुठेतरी पडतो, व्हीला वरचे दात खालच्या ओठावर आणि डब्ल्यूला ओठ गोल. टीएचला आपण थ किंवा द म्हणून मोकळे होतो, तिथे जीभ दातांच्या मधे आणून हवा सोडायची. मुलं तुमच्या तोंडाकडे बघून शिकतात म्हणून हे नीट बसवा. बाकीच्या बोलण्यातला तुमचा ॲक्सेंट तसाच राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही.

गणितात आपण पक्के असतो असं आपल्याला वाटतं, आणि उत्तर काढण्यात असतोही. पण ५२ मधून २७ वजा करताना ‘हातचा घ्या’ एवढं म्हणून इथे चालणार नाही. मूल विचारेल हातचा म्हणजे काय घेतलं, कोणाकडून घेतलं. इथे एक्स्चेंज म्हणतात, एका दहाच्या दांडीच्या बदल्यात दहा सुटे ठोकळे, आधी हातानं, मग चित्रात, मग अंकात. या क्रमामागे मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनरचं काम आहे, असाइनमेंटला उपयोगी पडेल. पाढ्यांचंही तसंच, इयर ४ ला मल्टिप्लिकेशन टेबल्स चेक असतो, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, बारापर्यंतचे पाढे. पाठांतर लागतंच, मी पाठांतराच्या बाजूची आहे, पण सात चोक म्हणजे सात सातच्या चार रांगा हे आधी दिसायला हवं. आणि ‘दहानं गुणलं की शून्य लावा’ हे वाक्य वर्गात कधीच म्हणू नका, पुढे ते मूल २.५ गुणिले १० चं उत्तर २.५० लिहितं आणि त्याला ते बरोबरच वाटतं.

वर्ग सांभाळणं. आपल्या शाळेतल्या बाईंचा आवाज डोक्यात असतो, तो इथे काढू नका. शाळेची बिहेविअर पॉलिसी पहिल्या दिवशी मागून घ्या आणि शब्दशः तीच वापरा, मुलांना सगळ्या मोठ्यांकडून सारखंच हवं असतं. सूचना देण्याआधी थांबा, सगळे बघेपर्यंत थांबा, तो थांबण्याचा वेळ सुरुवातीला फार मोठा वाटतो. मग छोटी सूचना. पहिल्याच आठवड्यात सगळी नावं पाठ करा, आणि नीट उच्चार विचारून घ्या, ज्या मुलांच्या नावाचा कायम चुकीचा उच्चार होतो त्यांना तुम्ही एकदा बरोबर म्हटलंत की ती तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात, हे मी फार जवळून अनुभवलंय.

फीडबॅक हा सगळ्यात अवघड भाग. आठवड्यातून चार पाच वेळा कोणीतरी तुमचं काम बघून काय चुकलं ते सांगतं आणि आपल्याला शाळा कॉलेजात मार्कांची सवय, फीडबॅक म्हणजे मार्क कापले असं वाटतं. मी दुसऱ्या प्लेसमेंटला रोज गाडीत बसून रडायचे. मला उपयोगी पडलं ते असं, की प्रत्येक मीटिंगच्या शेवटी मेंटरला विचारायचं, या आठवड्यात मी एकच गोष्ट सुधारायची असेल तर कुठली? ती एका कार्डावर लिहून गळ्यातल्या ओळखपत्राच्या लॅनयार्डमध्ये ठेवायची. ‘सूचना दिल्यावर एक मूल निवडून त्याला ती परत सांगायला लावणे’ इतकी छोटी. आठवड्यानं पुढची. सहा आठवड्यात सहा गोष्टी बसतात. कधी सपोर्ट प्लॅन लावला गेला तर घाबरू नका, त्याचा अर्थ तुम्हाला काढून टाकतायत असा नाही, त्यात नेमकं काय कधीपर्यंत करायचं हे लिहिलेलं असतं आणि मदत मिळते. मेंटरशी अजिबातच जमत नसेल तर युनिव्हर्सिटीच्या ट्यूटरला लवकर सांगा, शेवटच्या आठवड्यात नाही.

प्लॅनिंग शून्यातून करू नका. शाळेकडे आधीचे प्लॅन असतात, ते घ्या, बदला. मी नोव्हेंबरपर्यंत रात्री एकपर्यंत लॅमिनेट करत बसायचे आणि सकाळी डोळे उघडत नव्हते, थकलेल्या टीचरला खिडकीपाशी बसलेली मुलगी दिसत नाही, इतकं साधं आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण बंद ठेवा.

असाइनमेंट लेव्हल ७ च्या असतात. आपल्याला पुस्तकातलं व्यवस्थित मांडायची सवय असते, इथे तुमच्या वर्गात काय झालं आणि त्यावर वाचलेलं काय सांगतं आणि तुम्हाला कुठे पटत नाही हे हवं असतं. ‘मी’ लिहायला लाजू नका. असाइनमेंटचे जमतील ते भाग प्लेसमेंटआधी लिहून ठेवा, प्लेसमेंटमध्ये वेळ मिळत नाही.

शेवटी तुमचं मूल्यमापन टीचर्स स्टँडर्ड्सवर, म्हणजे शिक्षकांसाठी ठरवलेल्या सरकारी निकषांवर, होतं, ती २०१२ पासून लागू आहेत, पहिल्या भागात आठ स्टँडर्ड्स आणि दुसरा भाग वागणुकीचा. वर्षभर कागद गोळा करत बसू नका, पण चांगल्या दोन तासांचे प्लॅन, मुलांच्या वह्यांचे नाव झाकलेले फोटो, शाळेची परवानगी घेऊन हां, आणि मेंटरची मीटिंग नोट्स इतकं नीट ठेवा.

नोकरी

जाहिराती जानेवारीपासून दिसायला लागतात, पण सप्टेंबरपासून शाळा सोडणाऱ्या टीचरना ३१ मेच्या आत राजीनामा द्यावा लागतो, त्यामुळे एप्रिल मेमध्ये खूप जागा येतात, फेब्रुवारीत मैत्रिणीला नोकरी लागली म्हणून खचू नका. सरकारची टीचिंग व्हेकन्सीज साइट फुकट आहे. व्हिसासाठी स्पॉन्सरशिप हवी असेल तर सगळ्या प्रायमरी शाळा ती देत नाहीत, अर्जाआधी विचारा. सप्टेंबर २०२५ पासून लंडनबाहेर सुरुवातीचा पगार वर्षाला ३२,९१६ पाउंड आहे. पहिली दोन वर्षं तुम्ही ईसीटी असता, म्हणजे अर्ली करिअर टीचर. सगळ्या टीचरना प्लॅनिंगसाठी १० टक्के वेळ मिळतो, तुम्हाला त्याशिवाय पहिल्या वर्षी अजून १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के मिळायला हवा. ऑफर घेताना हे आणि मेंटर कोण असेल हे विचारून घ्या.

इंटरव्ह्यूला अनोळखी वर्गासमोर वीस तीस मिनिटं शिकवायला लावतात. आदल्या दिवशी शाळेला ईमेल करून मुलांची संख्या, त्यांनी आधी काय केलंय, कोणाला विशेष मदत लागते ते विचारा, आणि जाताना कोरे स्टिकर न्या, मुलांना नाव लिहून छातीवर लावायला सांगा. एकच छोटी गोष्ट शिकवा. माझ्या इंटरव्ह्यूत तास संपल्यावर हेडटीचरनं विचारलं की आज कोण काय शिकलं असं वाटतं, आणि मी तीन मुलांची नावं घेऊन सांगितलं, एकाला जमलं, एकीला अर्धं जमलं आणि कुठे अडलं, आणि एकाला मी उद्या परत पट्ट्या देऊन बसवेन.